सैल केलेले बोल्ट

एकदा एक बाप लेथ यंत्रासमोर उभा राहून घाम पुसत होता. वय पन्नाशीचे, पण या कार्यशाळेत तो शिष्य होता. नेमबाजांच्या रायफली दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे तो वर्षभरापासून काम शिकत होता. मुलगी उत्तम नेमबाज, म्हणून हा खटाटोप. कारागिराला सगळे वस्ताद म्हणत. त्यांचा हात स्थिर होता, जीभ मात्र तिखट.

मुलीच्या रायफलीसाठी नवी नळी आली होती. त्या नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याची जागा, म्हणजे चेंबर, कोरायची होती. लेथवर नळी फिरते आणि काडतुसाच्याच घडणीचे धारदार हत्यार, रीमर, हळूहळू आत जाते. मुलीची निवड चाचणी चार दिवसांवर होती. काम बिघडले तर दुसरी नळी यायला दोन महिने लागणार. तरी बापाने हट्टाने ते काम मागून घेतले होते, आणि आता भीतीपोटी रीमर धरणाऱ्या होल्डरचे सारे बोल्ट करकचून आवळले होते.

वस्ताद आले. त्यांनी पाना उचलला आणि एकेक बोल्ट सैल केला. रीमर होल्डरमध्ये डुलू लागला.

"अहो वस्ताद, हे काय! केसाएवढी चूक चालत नाही म्हणता, आणि हा तर खुळखुळतोय!"

"मग आवळ की. पण कोपऱ्यातल्या त्या भंगार नळीवर करून बघ. पोरीच्या नळीला हात लावू नकोस."

शिष्याने पुन्हा बोल्ट आवळले आणि भंगार नळी कोरली. मग काडतुसाची रिकामी पुंगळी आत घालून पाहिली. चेंबरच्या तोंडाशी ती चक्क हलत होती. जागा रुंद झाली होती. त्याचा चेहरा पडला.

वस्तादांचा आवाज मऊ झाला. "अरे, नळीच्या भोकाला स्वतःची एक सरळ रेषा असते. आपला लेथ तिच्याशी कितीही जुळवला, तरी केसभर फरक राहतोच. तू घट्ट धरलंस, की तुझा वाकडेपणा तिच्यात उतरतो. रीमर गरगरू नये एवढंच धरायचं, मागून हलकेच ढकलायचं. दिशा त्याला भोकच दाखवतं."

मग सैल होल्डरने खरे काम सुरू झाले. थोडे कोरायचे, रीमर बाहेर काढायचा, कीस पुसायचा, तेल घालायचे, पुन्हा आत. दुपार कलली तेव्हा पुंगळी जराही न हलता बसली. शिष्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते लपवले नाहीत.

संध्याकाळी मुलगी नवी नळी बसवलेली रायफल न्यायला आली. नवे काम निरखून तिने दबक्या आवाजात विचारले, "बाबा, चाचणीला तुम्ही माझ्या मागेच उभे राहणार ना?"

दरवेळी तो तिच्या पाठीशी उभा राहून सांगत असे, श्वास धर, खांदा खाली घे, आता थांब. गेल्या दोन स्पर्धांत तिचा नेम ढळला होता, आणि घरी येऊन ती जेवलीही नव्हती.

त्याने होल्डरकडे पाहिले.

"येईन," तो म्हणाला, "पण प्रेक्षकांत बसेन. अगदी मागच्या रांगेत."

 मुलीने बापाच्या तेलकट हातांना घट्ट धरले. वस्ताद लेथ पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आपण कुठले बोल्ट आवळून बसलो आहोत, हे ज्याने त्याने घरी जाऊन पाहावे.