कमानीखाली कोण उभं राहणार?

सकाळचा पहिला प्रहर. नदीवरच्या नव्या पुलाची मधली कमान अजून लाकडी आधारांवर टेकलेली होती, आणि त्या आधारांच्या पाचरी त्याच दिवशी काढायच्या होत्या. हे घडलं एका अशा राज्यात, जिथल्या कारभाऱ्याने कामं झटपट उरकावीत म्हणून एक पितळी साळुंकी आणली होती.

देशोदेशीच्या बांधकामांच्या नोंदी साळुंकीला पढवल्या होत्या. विचारायचा अवकाश, की उत्तर तयार. ‘मला माहीत नाही’ एवढंच तिला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हाताऱ्या गवंड्याने कमानीच्या सांध्यात नख रोवून पाहिलं. नख आत गेलं. खाली आठ सुतार हातोडे घेऊन उभे होते.

“कारभारी, चुना ओला आहे. पंधरवडा थांबा.”

“सांग गं बाई यांना,” कारभारी साळुंकीला म्हणाला.

“चुना पक्का! अठरा दिवसांपूर्वी भरला. नोंद आहे.”

“अठरा दिवसांपूर्वी नदीला पूर होता. काम बंद होतं,” गवंडी म्हणाला.

“अगदी बरोबर! पूर होता. चुना तीस दिवसांपूर्वी भरला.”

“बघा! चूक दाखवली की लगेच सुधारते,” कारभारी कौतुकाने म्हणाला. “वरच्या गावच्या पुलाचे आधार हिच्याच शब्दावर काढले. तुमचं नख मोठं, की हिची विद्या?”

“भरून नऊच दिवस झालेत. माझ्या हातांनी भरलाय.”

“पाचरी आजच निघतील!”

त्या राज्यात जुना रिवाज होता. ‘पाचरी काढा’ असं जो म्हणेल, त्याने आधी कमानीखाली उभं राहायचं.

“मग या खाली,” गवंडी म्हणाला.

“मी कशाला? सांगितलं साळुंकीने.”

“तर तिला टांगा खाली.”

कारभाऱ्याने साळुंकी छातीशी धरली. “डोकं फिरलंय का? असली दुसरी मिळायची नाही!”

“आणि हे आठ जण? हे बाजारात मिळतात?”

“उद्यापासून कामावर येऊ नका.”

“उद्याचं उद्या. आज मुकादम मी आहे. पोरांनो, पाचरी काढायच्याच तर खाली कोणी उभं राहायचं नाही! पाचरींना दोर बांधा, वर या आणि काठावरून ओढा.”

पहिली पाचर निघाली. काही झालं नाही. कारभारी हसला. दुसरी निघाली. तिसरीला सांध्यांतून ओला चुना गळू लागला, कुठेतरी दगड करकरला, आणि सुतार मघाशी उभे होते तिथेच अख्खी कमान कोसळली.

साळुंकी लगेच बोलली, “अगदी बरोबर! चुना ओलाच होता.”

राजाने चौकशी केली. कारभाऱ्याने साळुंकीकडे बोट दाखवलं, साळुंकीने नोंदींकडे. गवंड्याने एकच विचारलं, “महाराज, वरच्या गावच्या कमानीत कोणी नख रोवून पाहिलं होतं?”

वरच्या गावच्या त्या पुलावरून रोज गाड्या जातात, माणसं जातात. गवंड्याला उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

तात्पर्य: सल्ला कोणाचाही घ्यावा, पण ज्याला स्वतः कमानीखाली उभं राहायचं नाही, त्याच्या शब्दावर दुसऱ्यांना तिथे उभं करू नये.