एकट्यानं केलेले लाडू

"बाबा, झाडाचा यात काय दोष, ते एकदा यांना सांगून टाका."

बाबांचा चेला वैजनाथ मठापुढच्या बिब्ब्याच्या झाडाला पाठ लावून उभा होता. समोर हिंमतराव पाटील कुऱ्हाड घेऊन उभे होते. भावगिरीबाबा ओट्यावर बसले होते आणि दोघांपैकी कुणाकडेच बघत नव्हते.

भांडण लाडवांवरून पेटलं होतं. गावात कुणी बाळंत झालं की मठातून तिला गोडंबीचे लाडू जायचे. बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, फोड उठतात. पण त्याच बीच्या पोटात पांढरी गोडंबी असते, आणि तिच्याएवढं ताकदीचं खाणं त्या मुलखात दुसरं नव्हतं. यंदाचा लाडू पाटलांच्या सुनेनं खाल्ला आणि तिचं तोंड फोडांनी भरलं. तान्ह्या लेकराचा मुका घ्यायचीही बिचारीला चोरी झाली.

झाड तोडायचं आणि लाडू कायमचे बंद, एवढंच पाटलांचं म्हणणं होतं.

वैजनाथ हटेना. आधी माझ्यावर घाव घाला, म्हणाला. गोडंबीचे गुण त्यानं पाटलांना घडाघडा ऐकवले, आणि वर तुमच्या सुनेची प्रकृतीच नाजूक, असंही सांगून मोकळा झाला. पोरगा हुशार होता, यात वाद नाही. फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

"लाडू कुणी केले?" बाबांनी विचारलं.

"मी. एकट्यानं." छाती अजून पुढेच होती.

मठाची रीत दोघांची होती. एकानं हाताला राख चोळून बिब्बे फोडायचे, दुसऱ्यानं स्वच्छ हातांनी गोडंबी वेचायची. फोडणारा हात गोडंबीला लावायचा नाही. यंदा वैजनाथला कौतुकात वाटेकरी नको होता. हे सगळे भित्र्यांचे चोचले, असं म्हणून त्यानं जोडीदाराला पिटाळून लावलं होतं.

"मग लाडवांत खोट नाही?"

"नाही."

"तेल लागलं नाही?"

वैजनाथनं बोटं मुठीत मिटून घेतली.

"वैजनाथा?"

"नाही, बाबा."

बाबा आत गेले. उरलेल्यांतला एक लाडू घेऊन आले, पुन्हा ओट्यावर बसले आणि शांतपणे तो तोंडाशी नेला.

वैजनाथनं झाड सोडलं. धावत येऊन त्यानं बाबांचं मनगट धरलं, लाडू हिसकावला आणि लांब भिरकावून दिला.



"हात धुतले होते मी," वैजनाथ पुटपुटला. "पण बोटं काळीच होती... दिसत होती मला." त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

बाबा उठले आणि झाडापाशी, वैजनाथ उभा होता तिथंच, पाठ लावून उभे राहिले.

"झाड राहील, पाटील. लाडूही होतील."

"आणि बिब्बे फोडणार कोण?"

बाबांनी वैजनाथकडे बोट दाखवलं.

पाटलांचा आवाज चढला. "याच्या हातचं? माझ्या सुनेचं तोंड बघून या आधी."

"बघून आलोय..." बाबा म्हणाले. "तरी फोडील हाच. आज हा पहिल्यांदा भ्यायलाय."