पाटलांची दाढी आणि तलावाचा बांध

फार पूर्वी, न्हाव्यांना अजून फारसं काम मिळत नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका गावात दाढीला मोठा मान होता. पारावर सभा भरली की ज्याला दाढी असेल त्यानेच बोलायचं, असा तिथला पक्का नियम. पारंब्या सुटलेल्या वडालाही लोक आजोबा म्हणत. कुणी मक्याचं कणीस सोलायला घेतलं तर म्हातारे तोंड फिरवून बसत, कारण दिवसाढवळ्या कुणाची दाढी उपटलेली त्यांना बघवत नसे. आणि गावातला एक बोकड, हनुवटीला झुबका होता एवढ्याच पुण्याईवर, दर सभेला पाटलांशेजारी बसून रवंथ करी.

सगळ्यांत लांब दाढी पाटलांची. ती बेंबीच्याही खाली पोचे. रात्री तिला वेगळी उशी लागे, आणि बिचाऱ्या पाटलीणबाई भिंतीला चिकटून झोपत. पण दाढीखालची खरी गोष्ट एकट्या पाटलांनाच ठाऊक होती. त्यांची हनुवटी लिंबाएवढी होती. ती कुणाला दिसली तर आपल्याला गावात कोण विचारणार, या धास्तीने त्यांनी मिसरूड फुटल्यापासून गालाला वस्तरा लावला नव्हता.

एका पावसाळ्यात गावाच्या वरच्या अंगाचा तलाव काठोकाठ भरला. त्या दिवशी सभेत, दाढीला तिळाचं तेल लावावं की खोबऱ्याचं, यावर जोरदार भांडण जुंपलं होतं. तेवढ्यात पाटलीणबाई धुणं तळ्यावर तसंच टाकून धावत आल्या.

"अहो, तलावाच्या बांधाला..."

"दाढी कुठाय?" पाटलांनी विचारलं.

"दाढी कुठून आणू? अहो, बांधाला..."

"नियम म्हणजे नियम. काय असेल ते घरी सांग."

पाटलीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्या तरातरा पारावर चढल्या, बोकडाच्या मागे बसल्या आणि त्याची मान दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "मी नाही बोलत. हे बोकडराव बोलतायत. बांधाला भोक पडलंय. तुम्ही असेच तेल चोळत बसलात तर संध्याकाळपर्यंत सगळं गाव वाहून जाईल!"

"बेऽऽ," बोकड म्हणाला.

म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. दाढी तर आहे, ऐकायलाच हवं. "बोकडरावांचं म्हणणं गंभीर दिसतंय," एक जण खाकरून म्हणाला, आणि सगळी सभा बांधाकडे पळत सुटली, मागोमाग गावातल्या बायकाही.

भोक एव्हाना घागरीच्या तोंडाएवढं झालं होतं. माती टाकली की वाहून जाई. हिरवं गवत विळ्याने कापून कोंबलं की बुळबुळत बाहेर येई. कडबा तर गुरांनी कधीच फस्त केलेला.

"मी चुलीच्या मातीत विंचरताना गळलेले केस कालवते, म्हणून चुलीला तडा जात नाही," बोकडाला बगलेत धरूनच पाटलीणबाई म्हणाल्या. "केस पाहिजेत. पुष्कळ पाहिजेत."

सगळे पुरुष बायकांच्या अंबाड्यांकडे बघायला लागले.

पाटलीणबाईंनी बोकड सोडून दिला. "तिकडे काय बघता?" त्या कडाडल्या. "बोलायचा मान दाढीचा ना? मग गाव वाचवायचा मानही दाढीलाच द्या!"

आता सगळ्यांच्या नजरा पाटलांवर. पाटलांनी दाढी दोन्ही हातांनी घट्ट धरली. खाली गावातली कौलं दिसत होती. कुणाच्यातरी ओट्यावर एक मूल रांगत होतं, आणि पाण्याचा ओहोळ नेमका तिकडेच निघाला होता. पाटलांना रडू कोसळलं. ते त्यांनी लपवलंही नाही.

"आण तो विळा," ते बायकोला म्हणाले. "पण डोळे मीट."

"विळा चालवताना डोळे कसे मिटू?"

पाटलांची दाढी उतरली. ती बघून बाकीच्यांनाही मागे राहण्याची लाज वाटली. काळ्या, पांढऱ्या, मेंदी लावलेल्या, सगळ्या दाढ्या चिखलात पडल्या. सगळ्यांनी मिळून तो चिखल तुडवला, गोळे करून भोकात ठासले, वर दगड रचले. पाणी थांबलं.

घरी आल्यावर पाटील उपरण्याने तोंड झाकून कोपऱ्यात बसले. पाटलीणबाईंनी उपरणं बाजूला केलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हसू नकोस," पाटील म्हणाले.

"हसत नाही हो. लग्न झाल्यापासून तुमचं तोंड आज पहिल्यांदा पाहतेय. चांगलं आहे की!"

यावर पाटीलच हसले, आणि त्यांच्या गालाला खळी पडते हे घरात तेव्हा कळलं.

पुढच्या सभेला पारावर सगळे गुळगुळीत चेहरे. नियमाने बोलायचा हक्क आता एकट्या बोकडाला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसले. बोकडाने एकदा "बेऽऽ" केलं, मान खाली घातली आणि तो झोपी गेला.

मग पाटील थोडे सरकले आणि शेजारची जागा उपरण्याने झटकून बायकोला म्हणाले, "ये, इथे बस. आधी तू बोल."

पाटलीणबाई बसल्या आणि दिवेलागणीपर्यंत बोलत राहिल्या. बरंच साठलं होतं.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच, की बोलणाऱ्याची हनुवटी बघत बसू नये, आधी त्याचं म्हणणं ऐकावं. दाढी काय, त्या बोकडालाही होती.