चिमीची शेंग आणि बॅटरीची काडी

सांगा बघू बाळांनो, भरवसा कुणावर ठेवाल? "आत्ता पोचवतो" म्हणत भुर्रकन निघणाऱ्यावर, की "पोचू की" म्हणत सावकाश निघणाऱ्यावर? उत्तराची घाई नाही. आधी चिमीचं काय झालं ते ऐका.

चिमी उंदरी होती एवढीशी. तुमच्या अंगठ्याएवढी. शेतात तिला एक शेंग सापडली. भुईमुगाची, चांगली जाडजूड. घरी आई होती. घरी धाकटा भाऊ छोटू होता, भुकेला. चिमी शेंग ढकलत निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

शेंग सुटली. गडगड, गडगड. रस्त्यातल्या खळग्यात पडली. टुप्प.

चिमी वाकणार, तेवढ्यात आला शिद्रामकाकांचा टेम्पो. विजेवर चालणारा, नवाकोरा. मागे वांगी, मागे भेंडी. भुर्र आला, कच्च थांबला. पुन्हा भुर्र, पुन्हा कच्च. आणि चाक थांबलं नेमकं खळग्यावर. शेंग खाली, चाक वर.

चिमी म्हणाली, "चाकदादा, चाकदादा, पुढे सर. खाली माझी शेंग आहे."

चाक म्हणालं, "मी नाही सरत. बॅटरी ढकलेना. तिची एकच काडी उरलीय."

काडी? एवढंच ना? चिमी धावली. तुरूतुरू, तुरूतुरू. कुंपणातली वाळकी काडी घेऊन आली.

"बॅटरीमावशी, बॅटरीमावशी, ही घे काडी आणि ढकल. चाक सरेना, चिमीची शेंग मिळेना."

बॅटरी खुदकन हसली. "अगं वेडे, ही चुलीत घाल. माझी काडी म्हणजे चार्जिंगची रेघ. सकाळी पाच होत्या. काकांच्या पायाने भुर्र-कच्च, भुर्र-कच्च केलं, चार संपवल्या. बाजार अजून लांब आहे. पाय हळू होईपर्यंत मी नाही ढकलत."

चिमी गेली पायाकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"पायभाऊ, पायभाऊ, हळू हो. बॅटरी ढकलेना, चाक सरेना, चिमीची शेंग मिळेना."

पाय म्हणाला, "मी नाही हळू होत. हॉर्न गप्प बसेना. तो पँऽ म्हणाला की मी दाबतो. सवयच लागलीय."

चिमी गेली हॉर्नकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"हॉर्नबुवा, हॉर्नबुवा, गप्प बसा. पाय हळू होईना, बॅटरी ढकलेना, चाक सरेना, चिमीची शेंग मिळेना."

हॉर्न म्हणाला, "पँऽ. मी नाही गप्प बसत. पँऽ. म्हैस उठेना. रस्त्यात बसलीय बघ, जशी काही स्वतःच्या ओसरीवर. पँऽ."

चिमी गेली म्हशीकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"म्हशीआत्या, म्हशीआत्या, ऊठ गं. हॉर्न गप्प बसेना, पाय हळू होईना, बॅटरी ढकलेना, चाक सरेना, चिमीची शेंग मिळेना."

म्हैस म्हणाली, "हंऽ. मी नाही उठत. पाठ खाजतेय माझी. बगळा टोचेना. तो टोचेल, मग मी उठेन."

चिमी गेली बगळ्याकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"बगळेमामा, बगळेमामा, पाठ टोचा. म्हैस उठेना, हॉर्न गप्प बसेना, पाय हळू होईना, बॅटरी ढकलेना, चाक सरेना, चिमीची शेंग मिळेना."

बगळा एका पायावर उभा होता. म्हणाला, "मी नाही टोचत. हॉर्न केवढ्यांदा ओरडतो. माझ्या छातीत धडधडतं. आधी त्याला गप्प कर."

चिमी मटकन खाली बसली. हॉर्न म्हणतो, आधी म्हैस. म्हैस म्हणते, आधी बगळा. बगळा म्हणतो, आधी हॉर्न. गोल, गोल, गोल. चिमीला गरगरायला लागलं.

आता विचारायचं कुणाला?

चिमीने आपली नखं पाहिली. बारीक बारीक, टोकदार. मग कुणालाच विचारलं नाही. सरसर, सरसर चढली म्हशीच्या पाठीवर. आणि खाजवायला लागली. खरखर, खरखर.

"अगं बाई," म्हैस म्हणाली, "जरा डावीकडे. हां. अजून डावीकडे. आता पुरे गं, गुदगुल्या होतात." ही ही, हंऽ. ही ही, हंऽ.

हसता हसता म्हैस उठली. चिमी शेपटीवरून घसरली. सुर्रर्र.

म्हैस उठली, हॉर्न गप्प बसला.

हॉर्न गप्प बसला, पाय हळू झाला. शिद्रामकाका स्वतःशीच म्हणाले, "अरेच्चा, केवढं शांत वाटतंय. एवढी घाई मला होती तरी कशाची?"

पाय हळू झाला, बॅटरीने ढकललं.

बॅटरीने ढकललं, चाक सरलं.

चाक सरलं, चिमीची शेंग मिळाली.

बगळा पंख झटकत आला. "चला, कुठे टोचायचं?" म्हैस म्हणाली, "आलास? आता तुझ्या नाकाला टोच."

पुढे होता उतार. काकांनी पाय उचलला. चाकं आपली आपण फिरली, गरगर, गरगर. ना भुर्र, ना कच्च. उतार उतरता उतरता फिरत्या चाकांनीच वीज भरली आणि बॅटरीत एक काडी वाढली. एकीच्या दोन झाल्या. बॅटरी लांबून ओरडली, "चिमे, बघ गं, काडी आली. कुंपणातली नव्हे, उतारावरची." दोन काड्यांवर टेम्पो डुलत डुलत बाजारात पोचला. वांगी पोचली, भेंडी पोचली.

इकडे चिमीने शेंग फोडली. कट्ट. आत दाणे तीन. पोटात कावळे ओरडत होते. एक दाणा वाटेतच खाल्ला. कुर्रुम कुर्रुम. मग घरी गेली. तुरूतुरू, तुरूतुरू.

"आई, दाणे तीन होते. एक मी वाटेत खाल्ला. हा तुझा, हा छोटूचा."

छोटूने आपला दाणा दोन्ही हातांनी धरला आणि कुरतडला. आईने चिमीच्या मिशा पुसल्या.

आता बाळांनो, भरवसा कुणावर ते ठरलं ना? मग सांगा, गोष्ट ऐकायला बसताना तुमच्या वाटीत शेंगदाणे दिले होते, ते किती होते? किती खाल्ले? किती उरले? मोजा आणि खरं खरं सांगा. मुठीत लपवलेलाही मोजा हं.