तांबीची बारीक फांदी

रानातल्या देवळापाशी भज्यांची पहिली गाडी लागली, तेव्हाची ही गोष्ट. समोरच्या जांभळीवर तांबी नावाचं शेकरू राहायचं. शेकरांच्या रीतीप्रमाणे तिनं घरटं बांधलं होतं फांदीच्या अगदी बारीक शेंड्याला. जड जनावराला तिथवर पोचताच येत नाही.

पण सांडलेली भजी खाऊन खाऊन तांबीच जड झाली. ती घराकडे निघाली की फांदी कडकडायची. शेवटी तिनं भज्यांवर पाणी सोडलं आणि नुसत्या जांभळांवर राहू लागली. अंग हलकं झालं, फांदी गप्प झाली.

मग एका संध्याकाळी ताज्या घाण्याचा वास आला. "एकानं काय होतंय?" म्हणत तांबी खाली उतरली, ती गाडी बंद होईपर्यंत वर आलीच नाही.

परतताना फांदी पुन्हा कडकडली. तांबी बुंध्याशीच थांबली.

"आई, ये ना! मला भीती वाटतेय," घरट्यातून तिची लेक झुबकी म्हणाली.

"तूच ये गं बाळा. मला नाही जमायचं आज."

झुबकी तुरुतुरु आली, आईला बिलगली आणि तिच्या मिश्या चाटू लागली.

"आई, किती छान लागतंय हे! उद्या मलापण आणशील?"

त्यापेक्षा फांदी मोडली असती तर बरं, असं तांबीला वाटलं.