नगाऱ्याचं कौतुक

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून पोरांनी डोकं खाल्लंय, म्हणून सांगतो. मधे कुणी बोललं तर उठून जाईन.

फार मागं, वाद्यं बोलायची तेव्हा, एका देवळात नगारा, सनई आणि हलगी होती. जत्रेत पालखीपुढं कुणी वाजायचं ते नगारा ठरवायचा. हलगीला ती जागा हवी होती, म्हणून तिनं वाजवून दाखवलं. नगारा म्हणाला, "वा! हलगी असून किती तालात वाजतेस गं! पण तू आपली मागंच बरी. पुढं तुलाच अवघडल्यासारखं होईल."

हलगीचा चेहरा उतरला. सनई म्हणाली, "अगं बाई, कौतुकच केलं की त्यानं! तू फार मनाला लावून घेतेस."

"कौतुक होय? मग सनई असून किती सुरात वाजतेस, असं तुला कधी म्हणाला का तो?"

नगारा घुमायला लागला, "माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"मनातलं मला दिसत नाही. तोंडातलं ऐकलं. अवघडायचं का नाही ते माझं मी बघीन."

जत्रेदिवशी हलगी जाळावर शेकून ताठ झाली आणि नगाऱ्याला न विचारताच पालखीपुढं जाऊन अशी कडाडली, की भोई तिच्याच ठेक्यावर चालले. नगाऱ्यालाही मागून तोच ठेका धरावा लागला. पालखी टेकल्यावर तो म्हणाला, "चुकलं माझं."

नगारा निदान चुकलं असं बोलला. "कमी शिकलेले असून किती शहाण्यासारखं बोलता," असं मला भर गावसभेत म्हणणारा दामोदर देसाई अजून बोलायचा आहे.