उंच गाडी आणि मडकंभर पाणी

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतक्या वर्षांपूर्वीची, की तेव्हा माझे गुडघेसुद्धा दुखत नव्हते.

एका राज्यात, एका खिंडीच्या पायथ्याशी एक गाडीवान राहायचा. घरात बायको, गोठ्यात दोन बैल. एकाचं नाव कवड्या, दुसऱ्याचं मोऱ्या. अंगणात एक बैलगाडी. बुटकी, जुनी, दिसायला काही नाही, पण चालायला मऊ.

त्या काळी बैल बोलायचे. फक्त कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी त्यांच्यात पद्धत होती. आणि बैलाला काही विचारावं हे कुणाच्या डोक्यात यायचं नाही. म्हणून लोकांना वाटायचं, बैल मुके असतात. नव्या सुनेबद्दलही लोकांना बरेच दिवस असंच वाटतं.

गाडीवानाची एकुलती एक लेक खिंडीपलीकडच्या गावात दिली होती. त्या गावाच्या अलीकडे एक ओढा होता आणि ओढ्याच्या मधोमध एक दगड होता. एका सणाला गाडीवान लेकीला भेटायला निघाला, तेव्हा गाडीचं पोट नेमकं त्या दगडाला अडकलं. पलीकडच्या काठावर लेकीचा सासरा म्हशी धूत होता. तो ओरडला, "काय व्याहीबुवा, गाडी आणलीत की कासव?"

धुणं धुणाऱ्या बायका हसल्या. म्हशीसुद्धा हसल्या असतील. गाडीवानही हसला. पण व्याह्याचं ते हसू त्याने घरी आणलं आणि रोज उशाशी घेऊन झोपायला लागला.

मग निरोप आला, की लेकीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्या महिन्यात लेकीला घेऊन यायचं, ही तिथलीही रीत होती. बायको डिंक-खारीक जमवायला लागली. गाडीवान गाडीभोवती फेऱ्या मारायला लागला.

"या खेपेला उंच गाडीतून जाणार," तो म्हणाला. "बघतो आता दगडाला पोट कसं लागतं ते."

"अहो, गाडीच्या पोटाचं राहू द्या," बायको म्हणाली. "लेकीच्या पोटाचं बघा. खिंडीतला रस्ता कसा आहे ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर उंच करतोय."

बायकोने एक मडकं काठोकाठ भरलं. "हे मांडीवर घेऊन मी गाडीत बसते. वेशीपर्यंत जाऊन यायचं. पाणी सांडलं नाही, तर माझी पोर तुमच्या गाडीत बसेल. सांडलं तर नाही."

"ठरलं," गाडीवान म्हणाला.

त्याच सुमाराला बाजारात एका सरदाराच्या मोडक्या रथाच्या कमानी आल्या होत्या. कमानी म्हणजे वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या. गाडी आणि चाकांचा आस यांच्यामध्ये त्या बसवल्या, की रस्त्याचे धक्के त्या खातात, आणि गाडी वीतभर उंच होते ती वेगळीच. गाडीवानाने त्या आणून बसवून घेतल्या. पण त्या होत्या रथासाठी. रथाला छत्री होती, कळस होता, आणि सरदार स्वतःच तीन माणसांच्या वजनाचा होता. एवढं ओझं असेल तर वाकायची सवय त्या कमानींना. गाडीवानाच्या हलक्या गाडीखाली त्या वाकायलाच तयार होईनात. धक्का खायच्या ऐवजी त्या तो दुप्पट करून वर फेकायच्या.

वेस येईपर्यंत मडकं निम्मं झालं. बायकोचं लुगडं भिजलं.

"काढून टाका त्या," बायको म्हणाली.

आता इथे त्या राज्यातल्या कारागिरांची एक रीत सांगायला हवी. एका कारागिराच्या हातचं काम दुसऱ्याने काढायचं नाही. त्यात हवी तेवढी भर घालावी, पण काढलं तर तो त्या कारागिराचा अपमान. सगळेच एकमेकांचा एवढा मान राखायचे, की कुठलीच वस्तू कधी हलकी व्हायची नाही.

गाडीवान सुताराकडे गेला. सुताराने कमानींकडे बघून कानाला हात लावले. "काढू? दुसऱ्याच्या हातचं? भलतंच काय सांगता! मी भर घालतो. या कमानी कडक आहेत, यांना दांडगी चाकं हवीत."

दांडगी चाकं आली. गाडी छातीएवढी उंच झाली. गावातले लोक बघायला जमले. "आता दिसते बघा गाडी गाडीसारखी!" कुणीतरी म्हणालं, आणि गाडीवानाच्या मिशा वर गेल्या.

पण मागून गाडी उंच झाली, तरी बैलांच्या माना होत्या तिथेच राहिल्या. त्यामुळे गाडीला पुढे उतार आला. बायको मडकं घेऊन बसली ती घसरत घसरत पार बैलांच्या शेपट्यांपाशी जाऊन पोचली. गाडीचा सगळा भार जुवावर आला.

"अहो, जुनीच बरी होती," बायको म्हणाली.

"आता एवढं केल्यावर मागे कसं जायचं?"

हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय, की आता कोण म्हणालं ते बघायलाही मान वळवत नाही. बहुतेक वेळा मीच म्हणालेली असते. आमटी तिखट झाली की मी गूळ घालते. गोड झाली की चिंच. आंबट झाली की पाणी. मग ती आमटी दोन दिवस संपत नाही.

लोहाराने उतारावर उपाय केला. गाडीच्या दांड्या आणि जू यांच्यामध्ये एक जाड ठोकळा घातला. पुढची बाजू उचलली गेली, गाडी सपाट झाली. पण ठोकळ्यावरचं जू डुलायला लागलं. त्याने बैलांच्या माना सोलवटल्या आणि गाडी वाकडी चालायला लागली. मग ते जू चामडी पट्ट्यांनी करकचून बांधलं. मग बैलांना मान वळवता येईना.

कारागीर आज येतो म्हणायचा आणि चार दिवसांनी उगवायचा. मधल्या काळात बांगड्या विकणारी कासारीण खिंड ओलांडून यायची. तिच्या टोपलीत जेवढ्या बांगड्या, तेवढेच निरोप.

"काकू, तुमची लेक विचारते, आबा कधी येतायत?"

"गाडी तयार होतेय म्हणून सांग," गाडीवान आतून ओरडायचा.

पुढच्या फेरीला ती पुन्हा आली. "व्याही विचारतायत, न्यायचं ठरलंय ना?"

"गाडी तयार होतेय म्हणून सांग!"

त्याच्याही पुढच्या फेरीला कासारणीने टोपली उतरवलीच नाही. डोक्यावर ठेवूनच म्हणाली, "काकू, लेक म्हणाली, आबांना सांग, गाडी जशी असेल तशी घेऊन या."

या वेळेला गाडीवान आतून ओरडला नाही, मागच्या दाराने गाडीकडे गेला. बायको चुलीपुढे बसली होती, ती तशीच बसून राहिली. डिंकाचे लाडू केव्हाचे वळून झाले होते. त्यांचा वास जायला लागला होता.

शेवटी कुणीतरी गाडीवानाला सुचवलं, "माना सोलवटतात, कारण पुढे भार आहे. मागे एक दगड टांग, काटा बरोबर होईल."

दगड टांगला. आणि काय सांगू, सपाट रस्त्यावर गाडी खरंच छान चालली. मडक्यातलं पाणी अगदी थोडंसं हललं. गाडीवान तर नाचायचाच बाकी होता.

"चल, बस! आत्ताच निघू!"

बायकोने लाडवांचा डबा घेतला. मडकंही भरून मांडीवर घेतलं. "खिंड चढेपर्यंत हे राहू द्या," ती म्हणाली. "वेशीपर्यंतचा रस्ता सपाट आहे, त्यावर माझा भरवसा नाही."

खिंडीचा चढ लागला. गाडी उंच, मागे दगड, पुढे चढ. सगळा भार मागे गेला आणि गाडीने उलाळा खाल्ला. मागची बाजू जमिनीवर आपटली, जू बैलांच्या मानांसकट वर गेलं. पट्ट्या बैलांच्या गळ्यात रुतल्या, त्यांचे डोळे पांढरे झाले. गाडीवानाने विळा काढून पट्ट्या कापल्या म्हणून बैल वाचले.

बायको रस्त्यावर पडली होती. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. लाडू चढावरून खाली घरंगळत गेले. मडक्याचे तुकडे झाले होते आणि पाणी मातीत जिरत होतं.

ती उठली नाही. रडलीही नाही. त्या ओल्या मातीकडे बघत एवढंच म्हणाली, "इथे माझी पोर असती."

गाडीवान तिच्याजवळ येऊन बसला. शेजारी कवड्या उभा होता, धापा टाकत. त्याची सोललेली मान गाडीवानाच्या डोळ्यांसमोर आली. इतके दिवस ती मान तिथेच होती, पण तो चाकांकडे बघत होता.

"कवड्या," तो म्हणाला, "काय होतंय रे तुला?"

कवड्याने मोऱ्याकडे बघितलं. मोऱ्याने डोळे मिटले. त्याच्यात बोलायचं त्राण नव्हतं.

"विचारलंत एकदाचं," कवड्या म्हणाला. "सांगतो, पण बसून सांगतो. पाय राहिले नाहीत." तो खाली बसला. "हा दगड कशाला टांगलात? ठोकळ्याने आणि पट्ट्यांनी माना सोलल्या म्हणून. ठोकळा कशाला घातलात? चाकं दांडगी झाली म्हणून. चाकं कशाला आणलीत? कमानी कडक होत्या म्हणून. आणि कमानी कशाला घेतल्यात, धनी?"

गाडीवान विळ्याची माती पुसायला लागला.

"व्याही हसला म्हणून," बायको म्हणाली.

"तेच," कवड्या म्हणाला. "आम्ही इतके दिवस त्यांचं हसू ओढतोय. फार जड आहे ते."

गाडीवान उठला. दगडाची दोरी हातात घेतली, पण हात चालेना. "दुसऱ्याच्या हातचं काम..." तो पुटपुटला.

"इकडे आणा तो विळा," बायको म्हणाली. "मी काही कारागीर नाही. मला कसला कुणाचा अपमान?"

तिने दोरी कापली. दगड खाली घरंगळला, लाडवांच्या मागोमाग.

घरी आल्यावर त्यांनी एकेक गोष्ट उतरवली, शेवटी चढवलेली सगळ्यात आधी. एक काढायची, नवं मडकं भरून वेशीपर्यंत जायचं, बघायचं, मगच दुसरी काढायची. ठोकळा गेला तेव्हा माना डुलणाऱ्या जुवातून सुटल्या, पण उतार राहिला. दांडगी चाकं गेली तेव्हा उतार बराचसा गेला, पण उसळी राहिली. कमानी निघाल्या, तेव्हा पाणी शांत झालं.

जुनी चाकं गोठ्यामागे टेकवून ठेवलेली होती. दांडगी चाकं निघाली त्या दिवशी ती आणायला बायको गेली, तेव्हा त्यांच्यावर दुधीचा वेल चढला होता. आऱ्यांमधून हातभर दुधी लोंबत होते. लेकीला आणायचं ठरलं त्याच आठवड्यात तिने ते बी लावलं होतं.  मग तिने वेल कापला.

ती बुटकी गाडी घेऊन दोघं निघाली. ओढ्यापाशी आल्यावर बायको खाली उतरली, पाण्यात शिरली आणि त्या दगडाला हात लावून म्हणाली, "हाच ना?"

"हाच."

"मग याला बाजूला का नाही केलं आपण?"

दोर बांधला. गाडीवानाने पहार लावली. बैलांनी दोन हिसके दिले आणि दगड कडेला लागला. एवढंच काम होतं.

गाडी व्याह्यांच्या अंगणात शिरायच्या आधीच घरातून तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज आला. बायको धावत आत गेली. लेक बाजेवर पडली होती. सुखरूप होती. बाळही सुखरूप होतं.

"आई," लेक म्हणाली, "मी रोज ओढ्याकडे बघत होते गं. त्या वेळेलासुद्धा दाराकडे बघत होते."

 आईने लेकीचे पाय चेपायला घेतले.

बाहेर व्याही गाडीभोवती एक फेरी मारून आला. तो हसला नाही. म्हणाला, "व्याहीबुवा, गाडी तर तीच आहे."

"तीच आहे."

"मग इतके दिवस कुठे होतात?"

 गाडीवान जाऊन कवड्याची मान खाजवत उभा राहिला.

सव्वा महिन्याने लेकीला आणि बाळाला घेऊन ते परत निघाले. ओढा आला, गेला. खिंडीचा चढ आला, गेला. आजीच्या मांडीवर या वेळेला मडकं नव्हतं, नात होती. ती सगळी वाट झोपून होती.

उतरणीला गाडीवानाने हळूच विचारलं, "कसं चाललंय रे, कवड्या?"

"मान बरी आहे, धनी. फक्त दमलोय."

"मीपण," गाडीवान म्हणाला.

"आणि मी काय पालखीत बसून होते का इतके दिवस?" मागून बायको म्हणाली. बऱ्याच दिवसांनी मोऱ्यासुद्धा हसला.

बोध एवढाच: बिघडलं की त्यावर आणखी काही चढवू नये, आधी ओढणाऱ्याला विचारावं, आणि चढवलेलं एकेक करून उतरवावं, म्हणजे ज्यासाठी निघालो तिथे वेळेत पोचता येतं.